जॉबला मुक्काम

बाबांनी नोकरीबद्दल मला दिलेले निम्मे सल्ले चुकीचे निघाले. कामाबद्दल दिलेला एकही नाही. आज हे एका दमात लिहिता येतंय, पण दोन्हीतला फरक उमगायला बरीच वर्षं गेली. कारण दोन्ही प्रकारचे सल्ले यायचे एकाच तोंडून, एकाच सुरात आणि बहुतेक वेळा ताटावर. आमटी वाढून घेता घेता ‘मायक्रोमीटरचा रॅचेट तीनदा वाजला की थांबायचं’ आणि ‘साहेबाला उलट बोलायचं नाही’ ही दोन वाक्यं पाठोपाठ आली, तर पोरीनं दोन्ही सारख्याच श्रद्धेनं गिळावीत यात नवल नाही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात त्या खात्यात होते. चिपळूणजवळच्या गावातून ठाण्यात आले ते १९६७ साली, ॲप्रेंटिस म्हणून. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. म्हणजे बाबा आणि ती वसाहत बरोबरीनंच वयात आले म्हणायचं. तिथल्या रस्त्यांना नावांऐवजी नंबर. रोड नंबर १६, रोड नंबर २२. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांत रस्त्यांना नंबरच असतात, मशीनच्या पार्टांसारखे.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना सोडत. वर्षातून तेवढा एकच दिवस. १९८७ ची खंडेनवमी मला लख्ख आठवते, मी आठ वर्षांची होते. धुऊनपुसून तेलाचा हात फिरवलेली मशीनं, लेथच्या चकला झेंडूची माळ, कूलंटच्या आंबूस वासात मिसळलेला उदबत्तीचा वास. टूलरूममध्ये एका पाटावर सगळ्यांची मापाची हत्यारं ओळीनं मांडली होती. बाबांनी त्यांच्या मायक्रोमीटरला कुंकू लावलं ते फ्रेमच्या पाठीला, करंगळीच्या टोकानं, ठिपक्याएवढं. ज्या दोन तोंडांमध्ये जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, मोजायला धरतात तिथे कुंकवाचा कण लागू दिला नाही. भटजींनी अक्षता उधळायला हात वर केला तर बाबांनी पाटावर आडवा पंजा धरला. ‘काका, देवाला चालेल, ह्याला नाही चालायचं.’

मग त्यांनी माझ्या वेणीतला एक केस उपटला. मी ओरडले. केस मायक्रोमीटरच्या तोंडात धरला, रॅचेट वाजवला, करर्‌ करर्‌ करर्‌, आणि मला मिलिमीटरमध्ये वाचायला लावलं. ०.०७. ‘पुन्हा.’ ०.०६. ‘पुन्हा.’ ०.०७. ‘आता लिही.’ मी विचारलं, पहिल्यांदाच ०.०७ आलं होतं की. ‘एकदा घेतलेलं माप म्हणजे ऐकीव गोष्ट,’ बाबा म्हणाले आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

घरीही हे चालूच असायचं. स्टीलचं नवीन भांडं आलं की आई आधी बुडावर नाव नीट घातलंय का बघायची, बाबा कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. ‘पंच बोथट झालाय ह्यांचा. आणि क्लिअरन्स बघ किती सोडलाय.’ पत्रा कापायचा म्हणजे वरून दाबणारा पंच आणि खालची भोकाची डाय यांच्यात पत्र्याच्या जाडीच्या हिशेबानं फट ठेवावी लागते, १ मिलिमीटरच्या पत्र्याला एका बाजूला साधारण ०.०५. फट वाढली की कापलेल्या कडेला बर येते, नखाला खरखर लागते. हे ज्ञान मला सातवीत झालं, भांड्यांच्या दुकानात, दुकानदारासमोर. आई पदर सावरत म्हणायची, ‘अहो, त्यांना ऐकू जातंय.’ बाबा म्हणायचे, ‘जाऊ दे की, टूल ग्राइंड करून घेतील.’

हल्ली नोकरीबिकरीच्या साइटवर ‘माझे वडील, माझे मेंटॉर’ छापाच्या पोस्टी फिरतात. वडिलांचा हसरा फोटो, खाली पाच मुद्दे. मला त्या वाचवत नाहीत. एक तर मेंटॉरला मराठीत काय म्हणायचं हेच ठरत नाही. ‘मार्गदर्शक’ म्हटलं की दहावीचं गाइड आठवतं आणि ‘गुरू’ म्हटलं की वाकून पाया पडावं लागतं. टूलरूममध्ये शब्द होता ‘उस्ताद’. बाबांनाही एक उस्ताद होते. सेटिंगची वेळ आली की हे उस्ताद मशीनकडे तोंड आणि पोरांकडे पाठ करून उभे राहत. डायल कसा लावतात, जॉब कुठे ठोकतात, काही दिसू द्यायचं नाही. शिकवलं तर उद्या हाच पोरगा आपल्या जागेवर बसेल, असा सरळ हिशेब. ‘चार वर्षं मी त्यांचा हात बघितला नाही,’ बाबा सांगायचे. ‘कोपर बघितलं. कोपर किती हललं त्यावरून आत काय झालं असेल ते ताडायचो.’

म्हणून बाबा काहीही दाखवताना आधी बाजूला सरकत. डावीकडे, उजेड अडणार नाही असे. घरात फ्यूज बदलायचा असला तरी सरकत. मला फार उशिरा कळलं की सगळी माणसं असं करत नाहीत.

दहावीनंतर मी मेकॅनिकल डिप्लोमाचा फॉर्म आणला तेव्हा मात्र सगळ्यांत जास्त विरोध बाबांनीच केला. डीएड कर, बँकेच्या परीक्षा दे. आयुष्यभर मशीनबद्दल बोलणारा माणूस मला मशीनच्या जवळ फिरकू देईना. कारण विचारलं तर म्हणाले, ‘शॉपमध्ये बायकांना टॉयलेट नसतं.’ मला ते कारण हास्यास्पद वाटलं होतं. पुढे नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ते तितकं हास्यास्पद राहिलं नाही, पण ते असो. मी फॉर्म भरला. साठजणांच्या वर्गात आम्ही चार मुली.

पहिल्याच सत्रात फिटिंगचा जॉब होता. लोखंडी पट्टीचा तुकडा, ५० बाय ५०, कानशीनं घासून चारही कडा सरळ आणि काटकोनात आणायच्या. माझा तुकडा हळूहळू कॅरमच्या स्ट्रायकरसारखा व्हायला लागला. सर हसले, वर्ग हसला. मी घरी काही बोलले नाही, पण तुकडा दप्तरात होता आणि दप्तर आईनं झटकलं.

त्या रविवारी बाबांनी गॅलरीत एका जुन्या टेबलावर तुकडा पकडायचा व्हाइस बसवला. आधी मला त्याच्यासमोर उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपर व्हाइसच्या जबड्याला येतं का पाहिलं. येत नव्हतं. मग स्वयंपाकघरातला जेवायचा पाट आणून पायाखाली दिला. कानशीवर खडू चोळला, बुरा दातांत अडकून जॉबवर ओरखडे येऊ नयेत म्हणून. ‘पुढे जाताना कापते. मागे येताना नुसती आण. मागे येताना दाबलीस तर तिचे दात जातात आणि तुझा दम.’ दहाबारा हात मारून झाल्यावर तुकडा काढला, कडेवर काटकोन तपासायच्या गुण्याचं पातं टेकवलं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला.

‘काय दिसतं?’

‘उजेड.’

‘कुठे?’

मी निरखून पाहिलं. पात्याच्या दोन्ही टोकांना उजेडाची बारीक रेघ होती, मधे नव्हती.

‘म्हणजे मधे काय आहे?’

मी गप्प.

‘डोंगर आहे. डोंगर काप. टोकांना हात लावू नकोस.’

तीन रविवार मी तो डोंगर कापत होते. कानशीच्या आवाजानं खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, ‘काय हो, दळण घरीच सुरू केलंत?’ तिसऱ्या रविवारी संध्याकाळी बाबांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिलं आणि तुकडा माझ्या हातात देऊन आत चहा प्यायला गेले. उजेड दिसत नव्हता. शाबासकी म्हणावी तर एवढीच.

१९९८ साली मी रबाळ्याच्या एका कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले. तेव्हा ठाणे–वाशी लोकल नव्हती, ती सुरू झाली नोव्हेंबर २००४ मध्ये. कळव्याचा पूल, विटावा, दिघा असं करत बसनं जायचं. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की बस तिथेच उभी आणि आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे.

लागल्याच्या पुढच्या मे महिन्यात मी एक अख्खा लॉट घालवला. ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं. लांबी २०० मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, अधिक-उणे ०.०२५. चाळीस नग मी स्वतः मशीनशेजारी उभं राहून मोजले, पास केले, रिपोर्टवर सही केली. आठवड्यात सगळे परत आले. ग्राहकाकडे सगळे नग आखूड भरले होते, तीस-चाळीस मायक्रॉननं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साहेबांनी शॉपमध्येच, ऑपरेटरांसमोर, मला विचारलं की डिप्लोमा पत्रानं केला होता का. मी घरी येऊन ताटावर बसले नाही.

बाबांनी रागावण्याआधी विचारलं, ‘कधी मोजलेस?’

‘दुपारी. दोनच्या सुमाराला.’

‘शेडमध्ये?’

‘हो.’

‘मनगटाला लावून बघितला होतास जॉब?’

बाळाचं दूध बघतात तसा. मी नाही म्हटलं आणि म्हणता म्हणताच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण उत्तर माझ्याच वहीत होतं. मोजमापाचं सगळं जग २० अंश सेल्सिअसवर चालतं. ड्रॉइंगवर २०० लिहिलंय म्हणजे २० अंशांना २००. रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडखाली मे महिन्याच्या दुपारी ३६. स्टीलची एक मीटर लांबी अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते, ॲल्युमिनियमची तेवीस, म्हणजे दुप्पट. माझं मापाचं हत्यार स्टीलचं, जॉब ॲल्युमिनियमचा. १६ अंशांच्या फरकाला २०० मिलिमीटरचा तुकडा माझ्या हत्यारापेक्षा ३७ मायक्रॉननं जास्त फुगलेला. त्या फुगलेल्याला मी बरोब्बर २०० म्हणून सही दिली आणि ग्राहकाच्या थंड खोलीत जाऊन तो आपल्या मूळ अंगावर आला. सूत्र मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर गणितही सोडवलं होतं. बाबांनी ते सूत्र कागदावर कधी मांडलं नव्हतं. त्यांना फक्त मनगट ठाऊक होतं.

‘तुमच्याकडे एसीची खोली आहे ना? तिथे सरफेस प्लेटवर ठेव. रात्रभर. जॉबला मुक्काम करू दे. सकाळी विचार त्याला, बाबा रे, तुझी लांबी किती.’

मग आईला म्हणाले, ‘वाढ तिला.’

२००० साली बाबांच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. त्याआधी वर्षभर ओव्हरटाइम बंद होता, कच्चा माल तुटक येत होता, टूलरूममधली दोन मशीनं ‘सर्व्हिसिंगला’ म्हणून गेली ती परत आली नाहीत. मग टाळं. गेटसमोर मांडव, मग पावसाळ्यात मांडवावर प्लास्टिक, मग मांडवातली माणसं कमी कमी. तेरा महिन्यांनी हिशेब हातात आला. त्यात ताईचं लग्न झालं आणि घराचं उरलेलं कर्ज फिटलं, एवढंच. बाबा तेव्हा बावन्न-त्रेपन्नचे. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप त्यांनी लांबून पाहिला होता आणि तेव्हा म्हणाले होते, ठाण्यात असं व्हायचं नाही, इथे इंजिनीअरिंग आहे. ठाण्यात आजही माणसं नितीन कंपनीला उतरतात, गोल्डन डाइजला रिक्षा वळवतात, कामगार हॉस्पिटलच्या स्टॉपवर थांबतात. कंपन्यांवरून नाक्यांना नावं पडली. त्या नाक्यांवरून रोज जाणाऱ्या पोरांना ती नावं का पडली हे विचारावंसंही वाटत नाही. आमच्या बाबांच्या कंपनीवरून नाक्यालासुद्धा नाव पडलं नाही.

टूलबॉक्स त्यांनी घरी आणून देव्हाऱ्याखाली ठेवला. दर रविवारी हत्यारांना तेल, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. काही महिन्यांनी एका जुन्या सोबत्यानं वागळेतच गाळा भाड्यानं घेतला, दोन लेथ आणि एक मिलिंग टाकलं, आणि बाबा तिथे जायला लागले.

इथून पुढे नोकरीबद्दलच्या त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक शब्द आला. परमनंट. ‘परमनंट करतायत का?’ ‘आधी परमनंट हो, मग बोल.’ ताईच्या दिराला, शेजारच्या मुलाला, टीव्हीवरच्या मालिकेतल्या नायकालासुद्धा. गंमत अशी की तेहतीस वर्षं ते स्वतः परमनंटच होते.

२००४ च्या पावसाळ्यात आमच्या कंपनीत बुशचा, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळकांड्यांचा, एक लॉट आला. साठ नग. चलनावर बाबांच्या मित्राच्या वर्कशॉपचं नाव. आमच्या परचेसवाल्यांनी ते वर्कशॉप परस्पर शोधलं होतं, पण तिथे माझे वडील काम करतात हे मी कंपनीत सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. ती चूक माझी आणि ती अजून टोचते. बुश हातात घेतल्यावर मात्र शंकाच उरली नाही. कडा मोडायची बाबांची एक तऱ्हा आहे. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा किंचित जास्त मोडतात, जोडणी करणाऱ्याचं बोट आत गेलं तर कापू नये म्हणून. ड्रॉइंगवर असलं काही नसतं. अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं.

बोअर, म्हणजे आतलं भोक, ड्रॉइंगवर २५ एच७ होता, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालणार. अकरा नगांत २५.०२४ आलं.

तीन मायक्रॉन. माझ्या वेणीतल्या त्या केसाचे वीस-बावीस उभे काप केले तर त्यातला एक. पुन्हा मोजलं, तेच. तिसऱ्यांदा, तेच. सिनियर म्हणाला, ‘तीनसाठी कशाला, डेव्हिएशन घेऊन टाक, असेंब्लीत कुणाला कळतंय.’ बुश बसलाही असता, कदाचित दहा वर्षं चाललाही असता. मी अकरा नग बाजूला काढले आणि लाल टॅग लावला. धीरोदात्त वगैरे काही वाटलं नाही. हात ओले झाले होते, टॅगवर पेन फुटलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी बाबा गाळ्यावरून आले. हातपाय धुतले. ताट घेतलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडून विचारलं,

‘कितीनं?’

‘तीन मायक्रॉन.’

‘कशानं घेतलंस?’

‘बोअर गेज. रिंगवर सेट करून.’

‘रिंग कधी कॅलिब्रेट झालीय?’

‘मार्चमध्ये.’

‘मुक्काम करू दिलास?’

‘रात्रभर. वीस अंशांवर.’

त्यांनी भाकरी आमटीत बुडवली. ‘मग बरोबर आहे. टूल शेवटी शेवटी गरम झालं असणार. मी बदलायला हवं होतं.’ आई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं भांडण होईल.

बोअर मोठा झाला की परत लहान होत नाही. अकरा नग भंगारात गेले आणि त्यांचे पैसे त्या महिन्याच्या हिशेबातून कापले गेले, तेही बाबांनीच मित्राला सांगून. त्यातला एक बुश त्यांनी घरी आणला. आजही तो गॅलरीच्या दाराला लावलेला असतो, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. मी तो उचलून बघते कधीकधी. कडा अजून गुळगुळीत आहेत.

आता नोकरीचं. २००६ मध्ये चाकणच्या एका कंपनीनं मला बोलावलं. सीएमएमवर काम होतं. सीएमएम म्हणजे टोकाला माणकाचा इवलासा मणी बसवलेला काटा जॉबला ठिकठिकाणी टेकवून त्याचा अख्खा आकार तीन मितींत मांडणारं यंत्र. आमच्याकडे तेव्हा नव्हतं आणि मला ते शिकायचं होतं, अगदी तळमळून. पगार दीडपट. फक्त पहिलं वर्ष काँट्रॅक्टवर. मी रबाळ्याला परमनंट होऊन तीन वर्षं झाली होती. बाबांना विचारलं. माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत ते म्हणाले, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको.’

मी लागले नाही. २००९ मध्ये मंदीच्या नावाखाली आमच्या कंपनीनं आमचं डिपार्टमेंटच बंद केलं. परमनंटसकट.

त्या रात्री गॅलरीत मी बाबांना जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. सार एवढंच की तुम्ही मला सल्ला दिलात तो माझी कुवत बघून दिला नाहीत, तुमच्या गेटवरची नोटीस बघून दिलात. ते बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘मग विचारलंस कशाला?’

मला राग आला होता, उत्तर सुचलं नाही. पण नंतर कित्येक रात्री मी आमची जेवणं आठवून आठवून तपासली आणि एक गोष्ट लक्षात आली. काम निघालं की बाबा आधी प्रश्न विचारायचे. कधी मोजलंस, कशानं, कुठे, कितीनं. उत्तर शेवटी यायचं, आणि बरेचदा ते देण्याआधी माझ्याच तोंडून निघालेलं असायचं. नोकरीचा विषय निघाला की मात्र प्रश्नच नाही, थेट उत्तर. चाकणला काम काय आहे, मशीन कुठलं, शिकवणार कोण, एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. जॉब मनगटाला न लावताच माप सांगून मोकळे झाले होते.

हा शोध मी मोठ्या तोऱ्यात आईला सांगितला. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आणि तू? तुझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. तुला चाकणला जायचं नव्हतं. नाही म्हणायला घाबरत होतीस, म्हणून ह्यांच्या तोंडून वदवून घेतलंस. ह्यांचं उत्तर काय येणार ते तुला ठाऊक नव्हतं होय?’

मेथीची जुडी संपेपर्यंत मी तिथेच बसून होते.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. दोन नोकऱ्या केल्या, सीएमएम उशिरा का होईना शिकले, आणि २०१२ मध्ये एका मैत्रिणीबरोबर महापेला कॅलिब्रेशनची छोटी लॅब काढली. लोकांचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज, डायल आमच्याकडे येतात. आम्ही ते रात्रभर वीस अंशांत ठेवतो, दुसऱ्या दिवशी स्लिप गेजशी, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांशी, ताडून बघतो आणि प्रमाणपत्र देतो. एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता मिळेपर्यंत कागदांनी जीव खाल्ला. नोकरी सोडतेय हे बाबांना सांगायची मला धास्ती होती. या वेळी सल्ला मागायचा नाही, नुसतं कळवायचं, असं घोकून गेले होते. ऐकून घेतल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले,

‘खोलीचा एसी बंद पडला तर?’

‘दुसरा आहे.’

‘लाइट गेली तर?’

‘जनरेटर.’

‘एसीच्या झोतासमोर प्लेट नाही ना ठेवलीस?’

ठेवली होती. दुसऱ्या दिवशी हलवली.

शेजाऱ्यांना मात्र ते अजूनही सांगतात, ‘धाकटी महापेला कंपनीत आहे. परमनंट.’ मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आता बाबा सत्त्याहत्तरचे आहेत. गाळ्यावर जाणं करोनानंतर थांबलं. डोळे अधू झालेत, व्हर्नियरवरच्या रेघा दिसत नाहीत, पण नख अजून शाबूत आहे. मध्यंतरी डॉक्टरांनी घरी बीपी बघत जा म्हणून सांगितलं तेव्हा मी डिजिटल मशीन आणून दिलं. गेल्या महिन्यात रविवारी गेले तर ते पिशवीत भरून तयार ठेवलेलं.

‘हे तुमच्याकडे तपासून मिळतं का?’

‘बाबा, आमच्याकडे लांबीचं चालतं. प्रेशरची लॅब वेगळी.’

‘मग त्यांना विचार. सहा महिने झाले घेऊन, एकदाही बघितलेलं नाही.’

मशीनबरोबर वही होती. शंभर पानी, रेघा पट्टीनं मारलेल्या. तारीख, वेळ, माप १, माप २, माप ३, सरासरी, शेरा. अक्षर थोडं थरथरतं, पण आकडे रकान्याच्या बाहेर गेलेले नाहीत. मी पानं उलटत होते. एका मंगळवारी तिन्ही मापं भलतीच चढलेली, १५८, १६१, १५७, आणि तिघांवरही एक आडवी रेघ. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘जिना चढून लगेच. धरू नये.’ आणि त्याच्या खालच्या ओळीत, तीच तारीख, दुसऱ्या पेननं: ‘अर्धा तास मुक्काम. १३४.’